न धुतलेला पंप

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. आई गेली, तिच्याही कानावर घातलं नाही. आज तुमच्यापाशी बोलायला बसलोय आणि कुठून सुरू करावं तेच कळत नाही. लॉनपासून करतो. लॉनचं सांगणं सोपं आहे.

आष्ट्याच्या बाहेर, उसाच्या रानाला लागून आमचं घर. बांधलं तेव्हा पुढच्या अंगणात मी लॉन लावलं. उंब्रजच्या एका नर्सरीतून टेम्पो भरून गवताचे तुकडे आणले. महाबळेश्वरला एका हॉटेलापुढे पाहिलं होतं, अगदी तसंच हवं होतं मला. दारात जनावर नाही आणि गवत कशाला, असं आई म्हणायची. बरोबरच होतं तिचं. पण एखादी हौस असते माणसाला — असते ना?

मागची जागा माझ्या मुलीची. स्नेहल तेव्हा नववीत होती. तिनं स्वतः वाफे ओढून काकडी, दोडका, गवार आणि थोडे टोमॅटो लावले होते. उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि ते सगळं माझं लॉन प्यायचं. ती भांडी विसळलेलं पाणी बादलीनं मागे न्यायची. दुपारी रोपं करपू नयेत म्हणून आईची जुनी लुगडी काठ्यांना बांधून तिनं सावली केली होती. लॉनला नळाचं आणि काकडीला खरकटं पाणी, यात तेव्हा मला काही वावगं दिसलं नाही.

त्या उन्हाळ्यात लॉनमध्ये घोळ ही रानभाजी तणासारखी माजली. आई खूश. ती खुडायची आणि डाळ घालून भाजी करायची. मला मात्र लाज वाटायची. माझा थोरला भाऊ फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्याला असतो. मागच्या खेपेला तो पायरीवर उभा राहून म्हणाला होता, "लॉन हाय का म्हशीचं कुरण रं, गड्या?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते डोक्यात बसलं — आणि मे महिन्यात तो पुन्हा येणार होता.

ऊस गवताच्याच जातीचा. उसात मारायचं तणनाशक रुंद पानाचं तण जाळतं, उसाला धक्का लावत नाही. मग लॉनला कशाला लावेल? मी शाळेत विज्ञान शिकवतो. ही युक्ती सुचली तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं. दारात विष आणायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. म्हणून ती बायको-पोरीला घेऊन एका लग्नाला गेली ती दुपार गाठली, रानातला पाठीवरचा पंप आणला आणि मारलं. घोळ पिवळी पडली तेव्हा उन्हानं गेली म्हणालो. मधल्या दिवसांत आईनं ती खुडून शिजवली असती तर? हा विचारही मला फार उशिरा सुचला.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतात, नाहीतर धुण्याच्या सोड्यानं पुन्हा पुन्हा धुतात. आमच्याकडे कुणालाही विचारा, सांगेल. मी तो तसाच मागच्या भिंतीला टेकवला. तळाशी थोडं राहिलं होतं. नंतर धुतो म्हटलं. आत मॅच लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासायला सांगलीला गेलो. पानांवर माव्याची कीड पडलीय म्हणून स्नेहलनं निंबोळ्या भिजवून अर्क केला होता. तो तिनं त्याच पंपात ओतला आणि सगळ्या वाफ्यांवर फवारला. मन लावून, पानांच्या खालून वरून.

दोन-तीन दिवसांत शेंडे पिळलेल्या फडक्यासारखे झाले. पानं आत वळली. बोटाएवढ्या काकड्या वाकड्या होऊन गळायला लागल्या. मी पाहिलं आणि तिथल्या तिथे ओळखलं. शेजारच्या रानातली मिरची तणनाशकानं अशीच गेलेली मी पाहिली होती.

आई वाफ्याशी उभी होती. तिनं स्नेहलला विचारलं, "अडचणीत वेलाला शिवलीस व्हय गं?"

पाळीच्या दिवसांत बाईनं वेलाला, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची जुनी समजूत. आणि स्नेहलचे तेच दिवस होते. नाही म्हणाली असती तर सुटली असती. ती हो म्हणाली.

"सोन्यासारखा वेल जळला बघ," आई म्हणाली. रागावून नव्हे. रागावली असती तर बरं झालं असतं. पोरीला भांडता तरी आलं असतं.

स्नेहल माझ्याकडे वळली. "पप्पा, असं खरंच होतं का?"

दरवर्षी मी वर्गात तो धडा शिकवतो. विटाळ वगैरे काही नसतं, हे मुलींच्या डोळ्यांत बघून सांगतो. माझी मुलगी विचारत होती. भिंतीला पंप टेकलेला होता, माझ्यापासून हाताच्या अंतरावर.

"असतं काहीतरी," मी म्हणालो. "मोठ्यांचं ऐकावं."

गप्प राहिलो असतो तर निदान गप्प राहिलो असं तरी म्हणता आलं असतं. मी गप्प राहिलो नाही.

त्या संध्याकाळी पंप धुतला. सोडा घालून, पुन्हा पुन्हा. उरलेली बाटली रानातल्या खोपीत नेऊन ठेवली. स्नेहलनं वाफे उपटले आणि लुगडी सोडून, घड्या घालून आजीला दिली. त्यानंतर ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालायलाही जायची नाही. महिन्याच्या त्या दिवसांतच नव्हे — कधीच नाही. मला कशाची भीती वाटत होती? आईच्या ओरड्याची? घरात थोडं हसू झालं असतं त्याची? एवढ्यासाठी?

लॉन मात्र त्या वर्षी सुरेख आलं. दादा त्यावर अनवाणी चालला आणि म्हणाला, "आता कसं!"

स्नेहल लग्न होऊन साताऱ्यालाच आहे. या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. तिच्या गॅलरीत तुळस आहे, पाणी जावई घालतो. माझी नात बालवाडीतून मूठभर धणे घेऊन आली होती, कुंडीत पेरायचे म्हणून. ती आपल्या आईचा हात धरून ओढत होती. स्नेहलनं हात हळूच सोडवून घेतला आणि हसत म्हणाली, "तूच लाव, बाळा. आईच्या हाताला काही येत नाही."

मी समोर बसलो होतो. चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला.

ते वेल मी जाळले. तिच्या हाताला कधीच काही झालेलं नव्हतं.