गादीवरची जागा

दादरच्या साड्यांच्या दुकानांत एक जुनी रीत आहे. साडी अंगावर कशी दिसेल ते दाखवायला गादीवरचा सेल्समन उठून उभा राहतो, शर्ट-पँटवरच निऱ्या खोचतो, खांद्यावर पदर सोडतो. कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. लालबागची स्पृहा अशाच एका दुकानात पुरुष म्हणून लागली होती. तिच्या हातून निऱ्या अशा पडत की एक साडी घ्यायला आलेली बाई दोन घेऊन जाई.

मग एका सकाळी ती स्वतःची साडी नेसून, स्वतःचं नाव घेऊन कामावर आली.

हितेंद्रशेठनी वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. “तू पोटमाळ्यावर बस. घड्या घाल.”

“कधीपर्यंत, शेठ?”

“पगार मिळतोय ना?”

पगार मिळत होता. पण पोटमाळ्यावर ताठ उभं राहता येत नव्हतं. खालून कुणी ‘जरा पदर दाखवा हो’ म्हटलं की तिचे हात घडी विसरत.

घरी आई म्हणाली, “माका समजाक इतकी वर्सां लागली. तुझ्या शेटाक कोण समजावतलो?”

परळच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात अनुजा नावाची वकील बसे. स्पृहा तिच्यासमोर चाचरत म्हणाली, “त्यांनी मला काढलं नाहीये, मॅडम.”

“काढलं नाही, डावललं. पारलिंगी माणसांच्या हक्कांचा कायदा आहे. त्यात दोन्हीला मनाई आहे, आणि तो खासगी दुकानालाही लागतो.”

डावललं. इतके दिवस स्पृहा त्या गोष्टीला आपलं नशीब म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात गेल्या. शेठनी चहा मागवला. “माझी काहीच हरकत नाही हो. गिऱ्हाईक बिचकतं.”

“कोण बिचकलं?” स्पृहाने विचारलं. “साडी नेसल्यापासून मला गादीवर बसवलंच कुठे तुम्ही?”

जुना सेल्समन आनंदा गठ्ठा सोडवत होता. “शेठ, मी हा असा मिशीवाला. मी पदर घेऊन उभा राहतो तेव्हा नाय कोण बिचकत.”

सगळे हसले. शेठही हसले.

अनुजाने आवाज न चढवता सांगितलं, की ऐकलं नाही तर स्पृहा कोर्टात जाईल. शिवाय अशा तक्रारी ऐकायला दुकानात एक माणूस नेमावा लागतो.

“मी आहे ना.”

“तुमच्याविरुद्धची तक्रार तुमच्याकडेच?”

“मग माझं नाव घाला,” आनंदा म्हणाला. “तसंही सगळे मलाच रडगाणी सांगतात.”

शेठनी कपातली साय बोटाने बाजूला सारली. शेवटी स्पृहाला म्हणाले, “बस गादीवर. पण धंदा पडला तर बघ.”

धंदा कसा जाईल याची धास्ती स्पृहालाही होतीच. दुपारी एक मायलेकींची जोडी आली. लेकीने बऱ्याच साड्या उलगडायला लावल्या, एकही पसंत पडेना. शेठ गल्ल्यावरून बघत होते.

“नकोच या,” लेक म्हणाली. स्पृहाचे हात थांबले. “ताई, तुम्ही नेसलीय ना, तशी दाखवा.”

शेठनी पोटमाळ्याकडे तोंड करून हाक मारली, “अरे, हिच्या अंगावर आहे तसली काढा!”

वर आता कुणीच नव्हतं. साडी काढायला शेठनाच जिना चढावा लागला.