खंदारे सरांचा तपासणीचा पाठ

गेल्या महिन्यात पूर्णेला खंदारे सरांची शोकसभा झाली. एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "सर फार शांत, संयमी होते. त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही." मला खुर्चीत बसवेना. अहो, मेलेल्या माणसाचा राग तरी त्याच्यापाशी राहू द्या! सिताराम खंदारे शांत नव्हते. हातातला खडू मोडेपर्यंत चिडायचे, आणि ज्याच्यावर चिडायला पाहिजे त्याच्यावरच चिडायचे. त्यांनी लोकांना दुखावलं आणि त्यापायी नोकरी घालवली. ती माझ्यामुळे गेली, म्हणून हे मीच सांगितलं पाहिजे.

सर पूर्णेचे. वडील रेल्वेत गँगमन. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा सर सात-आठ वर्षांचे होते. पुढे शिकले, बी.एड. झाले आणि बाहत्तर साली सोनपेठच्या बाजूला, आमच्या गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आले. शिक्षकांच्या खोलीत माठ एक आणि गिलास दोन. एक सगळ्यांचा, दुसरा खिडकीत ठेवलेला, खंदारे सरांचा. तो तिथं कोणी ठेवला हे म्हणे कोणालाच माहीत नव्हतं! सरांनी पहिल्याच दिवशी शिपायाला सांगितलं, "हा गिलास हेडमास्तरांना दे. त्यांना वेगळं प्यायची हौस दिसायली." तेव्हापासून हेडमास्तर भगवानराव त्यांच्यावर डूख धरून होते.

दोन वर्षं झाली की मास्तरला कायम करायचं, पण त्याआधी तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला पडला पाहिजे, अशी रीत होती. सरांची दोन वर्षं चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात भरणार होती. बहिणीची सोयरीक ठरत आली होती, आणि भावाची नोकरी कायम झाल्याशिवाय तारीख धरायची नाही, असं पाहुण्यांनी सांगून ठेवलं होतं. सगळं घर त्या एका शेऱ्याकडे डोळे लावून बसलेलं.

मी तेव्हा नववीत होते. कोंडा, मल्हारी धनगराची पोर. वर्गात आम्ही मुली तीनच.

आधीच्या मास्तरांनी आम्हाला लिहून दिलं होतं: लघुकथेचे घटक सहा, कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, संघर्ष, शेवट. पाठ करायचे आणि पेपरात ओकायचे. खंदारे सरांनी ते सहा शब्द फळ्यावर लिहिले आणि खडू टेबलावर आपटला.

"हे पाठ केलं तर मार्क पडतील. गोष्ट येणार न्हाई. गोष्टीत एका माणसाला काहीतरी पाहिजे असतंय आणि दुसरा ते देत न्हाई. झाला संघर्ष! सांगा, तुमच्यात कोणाला काय पाहिजे हाय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "घरी जायला पाहिजे, सर."

"मग कोण जाऊ देईना ते लिहून आण," सर म्हणाले. "आणि नावं खरी घाला. 'एक राजा होता' असलं चालायचं न्हाई. राजा कोणत्या गावचा, त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता का, ते मला कळालं पाहिजे."

मी चांद्याची गोष्ट लिहिली. चांद्या आमचा एडका, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. दुष्काळात आमचं मेंढरांचं अर्धं खांड मेलं, पण चांद्या वाचला, कारण माझी आई कासाबाई दुष्काळी कामावर तिला खायला मिळालेल्या सुकडीतली मूठभर सुकडी त्याला चारायची. मागच्या वर्षी तपासणी होती तेव्हा माझा फीमाफीचा फॉर्म सहीवाचून हेडमास्तरांच्या टेबलावर पडून होता. भगवानरावांनी माझ्या बाला बोलावून घेतलं. फॉर्मवर हात ठेवून म्हणाले, "साहेबांना मटण आवडतं, मल्हारी." मी दाराशी होते; एवढं ऐकलं आणि शिपायानं मला वर्गात पिटाळलं. त्याच दिवशी चांद्या हेडमास्तरांच्या घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी सही झाली. मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं, नावागावासकट. सर सांगतील तसं वागणारी पोर ना मी! सरांनी वही दोन दिवस घरी ठेवली. परत देताना एवढंच म्हणाले, "जपून ठेव."

मग जानेवारीत तपासणी लागली. तपासणीच्या आधी आठ दिवस पाठ 'बसवायची' पद्धत होती, गॅदरिंगचं नाटक बसवतात तशी. पाच पोरं निवडायची, प्रत्येकाला एकेक प्रश्न आणि त्याचं उत्तर वाटून द्यायचं. बाकीच्यांनी नुसते हात वर करायचे, त्यांना कोणी विचारणार नसतं. भगवानरावांनी हुकूम सोडला की लघुकथेचा पाठ बसवा, आणि शेवटी कोंडा गाईडातली गोष्ट वाचेल. धनगराची पोर खडाखडा वाचते हे साहेबांना दिसू द्या. म्हणजे चांद्याही त्यांचाच आणि माझं वाचनही त्यांचंच! सरांना असली सोंगं आवडत नव्हती. पण घरून पत्रावर पत्र येत होतं. आठ दिवस सर गुमान पाठ बसवत राहिले. बोलताना फळ्याकडे बघायचे, आमच्याकडे नाही.

तपासणीच्या सकाळी मी शाळेला निघाले, तर बा एका तरण्या मेंढ्याच्या गळ्यात दावं बांधत होता.

"कुठं न्यायलास त्याला?"

"हेडमास्तरच्या घरी. साहेब यायलेत."

"पुन्यांदा?"

बा खाली मान घालून चालायला लागला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की गाईडातलं ते पान मी रस्त्यातच टराटरा फाडलं.

पाठ बसवल्याप्रमाणे झाला. मागच्या वर्षीचेच साहेब खुर्चीत, शेजारी भगवानराव उभे. कथानक झालं, पात्रं झाली, वातावरण झालं. साहेबांची मान डोलत होती. मग सर म्हणाले, "कोंडा, गोष्ट वाच." मी माझी वही उघडली. पहिल्याच वाक्याला सरांना कळलं. 'थांब, हे नाही' म्हणायला त्यांना भरपूर वेळ होता. ते म्हणाले नाहीत. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत उभे राहिले. मी चांद्या वाचला, सुकडी वाचली, फॉर्मवरचा हात वाचला, आणि "साहेबांना मटण आवडतं" हेही वाचलं.

भगवानराव घाईघाईनं हसले. "पोरीची कल्पनाशक्ती दांडगी हाय, साहेब."

साहेबही हसले. "काल्पनिकच आहे ना हे, खंदारे?"

एक 'हो' म्हणायचं होतं. हो म्हणायचं, पाठ संपवायचा आणि कायम व्हायचं. माझा राग तोवर उतरला होता. म्हणा हो, सर, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. मी काही शूर नव्हते.

सर म्हणाले, "न्हाई, साहेब. ह्यातली पात्रं इथंच हाईत. एक वाचायलंय, एक तुमच्या बाजूला उभं हाय, एक खुर्चीत बसलंय. फक्त मेंढा न्हाई, तो मागच्या वर्षीच संपला."

साहेब उठले. दुपारी भगवानरावांच्या घरी जेवले. एवढं ऐकूनसुद्धा त्या माणसाच्या घशाखाली मटण उतरलं, हे मला आज इतक्या वर्षांनीही सहन होत नाही. मग त्यांनी शेरा लिहिला: वर्गावर नियंत्रण नाही, विषयाची मांडणी सदोष. एप्रिलमध्ये सरांच्या हातात सेवा संपल्याचा कागद पडला. शाळेतला एक शिक्षक, गावातला एक माणूस बोलला असेल तर शपथ! "खंदारेंनी जरा दमानं घ्यायला पाहिजे होतं," असं मात्र सगळे म्हणाले. दुसऱ्याला दमानं घ्या म्हणायला काय जातं? बहिणीची सोयरीक मोडली. त्यानंतर सरांना कोणत्याच शाळेनं घेतलं नाही. ते पूर्णेला शिकवण्या घेत आणि मालधक्क्यावरच्या हमालांचे अर्ज लिहून देत. शोकसभेत भाषणं करणाऱ्या किती जणांना हे माहीत होतं, कोण जाणे.

सर गाव सोडून निघाले त्या दिवशी मी एसटीच्या थांब्यावर गेले. रडत म्हणाले, "सर, माझं चुकलं."

मला वाटलं होतं, डोक्यावर हात ठेवतील. सर तडकले.

"चुकलंच! वाचलीस ते बरोबर केलंस. लिहिताना चुकलीस. हेडमास्तर बोलतो तुझ्या गोष्टीत. तुझा बा एक शब्द तरी बोलतो का? भगवानरावानं जनावर मागितलं तवा तो काय म्हणाला? तू त्याला मेंढरासारखा मुका उभा केलास. मलाबी त्या टायमाला दिसलं न्हाई. जा, विचार त्याला."

एसटी आली. सरांनी ट्रंक टपावर चढवली आणि मागे न बघता आत जाऊन बसले.

घरी आले तेव्हा बा वाघरीत, जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडत होता. मी विचारलं, "हेडमास्तरनं चांद्या मागितला तवा तू काय म्हनलास?"

बानं आधी वाघरीचं तोंड बांधून घेतलं.

"काय म्हननार? म्हनलो, दर साली एक न्या. पोरगी म्याट्रिक होवोस्तर सही अडवू नका."

बा हात झटकत जवळ आला.

"तू आपल्या घरची गोष्ट वाचलीस म्हनं साहेबापुढं. सगळं गाव बोलायलंय. त्याच्यात म्या हाय का?"

मी हो म्हणाले.