ऑर्लिनने मोकळी केलेली वाट

माझा धाकटा भाऊ ऑर्लिन नेस एकतीस वर्षं काउंटीचा बर्फ सारायचा ट्रक चालवत होता. कुत्रंसुद्धा बाहेर पडणार नाही अशा वादळात हा माणूस थर्मास भरून निघायचा. सहा फूट दोन इंच उंची, कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी बोटं. त्याला कशाचीच भीती नव्हती. फक्त पुदिन्याच्या कुकीपुढे त्याचं काही चालायचं नाही.

हे मी वीस वर्षं थट्टेने सांगत आले. आता थट्टेने सांगवत नाही.

फेब्रुवारी आला की आमच्या गावात स्काउटच्या मुली कुकीजच्या ऑर्डरचे कागद घेऊन दारोदार फिरतात. त्यांना उन्हाळी शिबिरासाठी पैसे जमवायचे असतात. वर्षातून एकदाच मिळतात त्या कुकीज, त्यामुळे भले भले शहाणे खुळावतात. आमचे पाद्री ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत गोड सोडतात, पण डबे आले की म्हणतात, "ऑर्डर उपवासाच्या आधीची आहे." ऑर्लिन चोवीस डबे घ्यायचा आणि गॅरेजातल्या डीप फ्रीजरमध्ये हरणाच्या मांसाच्या पुड्यांखाली लपवायचा. कुणापासून लपवायचा? लग्न केलं नव्हतं, घरात एकटाच होता.

"तुझ्यापासून," तो म्हणायचा.

खरंच होतं ते. मी समोरच राहते. चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली, आणि भावाचा फ्रीजर न विचारता उघडणं हा मोठ्या बहिणीचा हक्कच आहे, असं मी समजत होते.

शेजारची मारेन सहा वर्षांची असताना पहिल्यांदा त्याच्या दारात आली. पोर बोलताना अडकायची. पहिलं अक्षर तोंडातच रुतून बसायचं, आणि डोळे पाण्याने भरायचे. तिची आई क्रिस्टा अंगणात थांबली होती, पण मुलीच्या वतीने बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. मी माझ्या पायरीवरून बघत होते. मी असते तर म्हटलं असतं, "पुदिन्याच्या ना, राणी? चार दे," आणि दार लावून घेतलं असतं. ऑर्लिन मात्र त्या थंडीत नुसत्या मोज्यांवर उंबऱ्यात उभा राहिला. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत त्याने मध्ये एक शब्द पुरवला नाही.

"न्यूमोनिया होईल तुला," मी नंतर ओरडले.

"घाई कसली होती? कुकी घ्यायची होती, आग विझवायची नव्हती."

दुसऱ्या वर्षीपासून त्याने एक वाट पाडायला सुरुवात केली. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी, मारेनच्या मागच्या पायरीपासून त्याच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, दोन्ही अंगणांतून सरळ. गुडघाभर बर्फ फावड्याने काढायचा आणि पाय घसरू नये म्हणून वर मीठ टाकायचा. एरवी त्या बाजूने कुणी येत-जात नसे. ती वाट म्हणजे मारेनला निरोप होता, की मी घरात आहे, ये. मग ती यायची, त्याच्यापुढे आपलं बोलणं पुरं करायची आणि तिथून बाकीच्या गल्लीत जायची. क्रिस्टा म्हणायची, "तिथे जमलं की तिला सगळीकडे जमतं."

मारेन दहा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात ऑर्लिनच्या पायाचं एक बोट काळं पडलं. साखर इतकी वाढलेली, की डॉक्टरांनी तपासणी दोनदा करायला लावली. मी त्याच दिवशी फ्रीजर रिकामा केला. शुक्रवारी संध्याकाळी त्याला फोन केला.

"उद्या ती पोरगी येईल."

"येईल ना."

"तू नाही म्हणशील?"

"रात्री बराच बर्फ पडणार म्हणतात," तो म्हणाला.

"तुला नाही म्हणता येत नाही, ऑर्लिन. तेव्हा दारच उघडू नकोस. घरी नाहीस असं समज."

"अगं, लहान आहे ती."

"आणि तुझा पाय? तो कापला की नवा फुटणार आहे का?"

माझ्या या विनोदावर मीच हसले होते. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात, ते औषध मी फोनवरून दिलं.

पुढचं त्याने मला शनिवारी संध्याकाळी सांगितलं. सकाळी उठून त्याने सवयीने वाट मोकळी केली, मीठही टाकलं. आत येऊन कॉफी ओतली आणि मग त्याला माझं बोलणं आठवलं. तेवढ्यात बेल वाजली. दाराला वरच्या अर्ध्यात काच. हा सव्वाशे किलोचा माणूस तसाच सिंकसमोर फरशीवर पालथा पडला.

मला हसू आवरेना. "मग?"

"तीनदा बेल वाजवली तिने. मग दाराशीच बोलायला लागली."

काय बोलली ते त्याने शब्दन् शब्द सांगितलं. "मिस्टर नेस, मी मारेन. तुमची साखर वाढली आहे, म्हणून तुम्ही कुकीज खायच्या नाहीत. पण तुम्ही घेतलेले डबे आम्ही सैनिकांना पाठवू शकतो. कागदावर खाली तशी जागा आहे. तुम्ही सैनिकांसाठी घ्याल का?"

माझं हसू थांबलं. साखरेचं मीच क्रिस्टाला सांगितलं होतं, आदल्या रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना. म्हणजे पोरीने आठवडाभर बसून त्याच्यासाठी नवं बोलणं तयार केलं होतं.

"एकदाही अडकली नाही गं," ऑर्लिन म्हणाला. "एकदाही नाही."

"मग उठायचं ना, गाढवा!"

"कसा उठू? काचेतून दिसलो असतो. काय सांगणार होतो तिला, सिंकखाली झोपलो होतो?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "इतकी वर्षं मी त्या बोलण्याची वाट बघत होतो, आर्डिस. आणि ऐकलं ते फरशीला गाल लावून."

"उद्या जा आणि सांग तिला."

"काय सांगू? घरात होतो आणि दार उघडलं नाही?"

तेव्हा मी त्याला ढकलत तिच्या दारात न्यायला हवं होतं. पण दार उघडू नकोस हे माझंच सांगणं होतं, तेही बाहेर आलं असतं. "जाऊ दे," मी म्हटलं. "मुलं आठ दिवसांत विसरतात."

मारेन त्या दिवशी गल्लीत दुसऱ्या कुठल्याच दारात गेली नाही. पुढच्या वर्षी तिचा कागद क्रिस्टाने आपल्या ऑफिसात फिरवला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मारेनने स्काउटच सोडलं. ऑर्लिनची साखर उतरली, पाय वाचला, डॉक्टर खूश झाले. तो मात्र दर फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी वाट मोकळी करत राहिला. तीन हिवाळे. इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपर्यंत स्वयंपाकघरात बसायचा. मला माझ्या खिडकीतून दिसायचं. गावभर टकळी चालवणारी मी, पण यावर त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही.

गेल्या नोव्हेंबरात तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हृदय थांबलं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मारेन सँडविचचं ताट घेऊन माझ्याकडे आली. तेरा वर्षांची, उंच झालेली. मी तिचा हात धरला.

"मारेन, त्या शनिवारी तो घरात होता. दार उघडू नकोस असं मी त्याला सांगितलं होतं, कुकीजपायी. दोष माझा आहे. तू बोललीस ते सगळं त्याने ऐकलं. तू एकदाही अडकली नव्हतीस, हे त्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलं."

तिने ताट टेबलावर ठेवलं. तिचे ओठ हलले, पण शब्द निघेना. माझ्या तोंडाशी दहा वाक्यं आली होती. या खेपेला मी गप्प राहिले.

"म-मला माहीत होतं ते घरात आहेत," ती शेवटी म्हणाली. "व-वाट मोकळी केलेली होती."

"मग इतकी वर्षं..."

"मला वाटलं, मी नीट बोलले नाही."