भिंगरीनं निवडलेलं विद्यापीठ

भिंगरीला मी एका जागी बसून वाचताना कधी पाहिलं नाही. पुस्तक हातात धरून ती खोलीभर फिरायची. कॉलेजात असताना जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघी राहत होतो. घरमालकीण मारवाडी काकू. "बेटा, ही पोरगी हाय का भिंगरी?" असं त्या एकदा म्हणाल्या आणि तेच नाव पडलं.

बी.ए. झाल्यावर तिची घालमेल फारच वाढली. आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचं हे पक्कं होतं, पण कुठं? लंडनच्या एका नावाजलेल्या विद्यापीठात शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला होता, आणि दिल्लीतही. सकाळी लंडन ठरायचं, दुपारी दिल्ली. तिचे वडील आष्टीला मास्तर होते. ते फोनवर म्हणायचे, "शिकायला आपल्या घरातून कुणी समुद्र ओलांडला न्हाई, पोरी. आता मागं फिरू नको."

ती दोन्हीकडच्या अनोळखी विद्यार्थ्यांना गाठून फोन करायची. विद्यापीठ जगात कितव्या क्रमांकावर आहे, हे कधी विचारायची नाही. "तुमच्याकडं अरबी शिकवतात का? शिकून बाहेर पडलेले काय करून राह्यलेत?" एवढंच. कुणी मोठ्या नावाचं कौतुक सांगू लागलं की फोन ठेवून म्हणायची, "नावाचं काय लोणचं घालू?"

मी एकदा वैतागून विचारलं, "अरबीच कशाला?"

ती खिडकीशी थांबली. "माझा मामा आखातात वेल्डर होता. कामावरच पडून गेला. मयत आणायला कुणाशी बोलायचं, काय बोलायचं, घरात कुणालाच कळंना. शेवटी तिकडंच माती दिली. आज्जीला त्याचं तोंडसुद्धा दिसलं न्हाई."

मग ती पुन्हा फिरायला लागली.

लंडनच्या अभ्यासक्रमात अरबी नव्हती. दिल्लीत अरबी होती, पश्चिम आशियाचा अभ्यासही होता. तिनं लंडनला नकार कळवला. वडिलांनी बोलणं टाकलं. निघायच्या दिवशी मात्र ते स्टेशनवर आले. गाडी हलायच्या बेताला आली. मग खिडकीतून तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बराबर शिक."

आता मी आष्टीच्या शाळेत शिकवते. भिंगरी आखातात मजुरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली. नवरा तिकडं बांधकामावर, आणि कित्येक दिवसांत त्याचा फोन नाही. मी भिंगरीला कळवलं. ती तुरुंगांत, दवाखान्यांत विचारत फिरली. इकडं ती बाई रोज मधल्या सुट्टीत फाटकाशी येऊन उभी राहायची. तिच्याकडं बघायचा मला धीर होईना.

एका दुपारी मधल्या सुट्टीतच भिंगरीचा फोन आला. "दवाखान्यात सापडला. पाय मोडलाय, पण जिता हाय. बाईला दे फोन."

बाईनं फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. पलीकडून नवऱ्याचा आवाज आला. ती हळूच म्हणाली, "जेवलात का?"