मास्तरांची ठिणगी आणि बंडीचा खिसा

गिरणीमागं कोंडा कोणी मुद्दाम साठवत नाही, तो आपला साठतो. आमच्या मास्तरांचे किस्से तसेच.

मी रत्नागिरीत भाताच्या गिरणीवर इंजिनवाला. शाळा कधी पाहिली नाही. मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवायचे आणि त्यांना टेस्ला कॉइलचं, म्हणजे हवेत ठिणग्या उडवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचं, वेड! दिवाळीनंतर धुळ्याला बदली ठरलेली. त्याआधी हातभर ठिणगी हवेत उडवायचीच, आणि वीज होती ती आमच्या गिरणीत, इंजिनावर चालणाऱ्या जनित्राची.

* * *

आधी मोटारीची इग्निशन कॉइल लावून पाहिली. ठिणगी आली डासाएवढी. आमचा दोस्त इस्माईलचाचा, मुंबईच्या बोटीवर इंजिनाला तेल घालणारा, म्हणाला, "मास्तर, यावर विडीसुद्धा पेटायची नाही!"

* * *

मग ठरलं, मुंबईत दुकानांवर निऑनच्या पाट्या असतात, त्यांचा ट्रान्स्फॉर्मर हवा. ताण, म्हणजे विजेचा जोर, दांडगा देतो, पण करंट हात राखून. चाचानं एक जुना मिळवला, गोधडीत गुंडाळून आणला. बंदरावर शिपायानं हटकलं, "यात काय?"

"लोणचं, साहेब. पण झाकण उघडलंत तर हात भाजेल!"

शिपाई दोन पावलं मागं!

* * *

पहिल्याच दिवशी कॉइलमधली वीज उलटी फिरली. ट्रान्स्फॉर्मरातून डांबर जळाल्याचा वास. मी झटकन इंजिन बंद केलं. मास्तर पांढरेफटक! दुसरा मिळणार नव्हता.

नशिबानं वाचला. मास्तरांनी त्याच्या तोंडाशी दोन पितळी गोळे बसवले, मधे बोटभर फट. जादा ताण आला की वीज फटीतून उडून जायची, आतली तार वाचायची.

गोळे होते मास्तरांच्या घरच्या पलंगाचे! मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, गिरणीत येऊन म्हणाल्या, "पलंग माझ्या माहेरचा, आणि मुंडकी उडवलीत तुम्ही!"

* * *

मास्तरांचा एक नियम. वीज चालू असताना एक हात खिशात. दोन्ही हात लागले तर वीज काळजातून जाते. आता माझ्या बंडीला खिसा कुठला! मी हात धोतरात खोचून उभा.

काकूंनी पाहिलं. "गणू, काढ ती बंडी." तिथंच पोत्यावर बसून खिसा शिवला. लाल खणाचा!

* * *

निघायच्या आदल्या दिवशी ठिणगी उडाली. हातभर! गोळे तडतडले, ट्रान्स्फॉर्मर शाबूत. चाचा टाळ्या वाजवायला गेला तर मास्तर ओरडले, "एक हात!" त्यानं मांडीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी ट्रान्स्फॉर्मर माझ्या हवाली केला, गोळ्यांसकट. पलंग बोडकाच निघाला धुळ्याला. होडी बोटीकडे सरकली. मास्तर उजवा हात हलवत होते, डावा कोटाच्या खिशात. मीही उजवाच हलवत होतो.

काकू होडीतून ओरडल्या, "अहो, आता तरी दुसरा हात काढा! आणि तूही रे, गणू!"

त्यांनी नाही काढला. मीही नाही.