वरातीच्या चालीवर कबड्डी

चार ऑक्टोबर. सकाळी साडेसहाला मी कॉलेजच्या मैदानावर पाण्याच्या टँकरची वाट बघत उभी होते. कबड्डीचं मैदान कोरडं चालत नाही. माती आदल्या दिवशी भिजवायची, सकाळी पुन्हा शिंपडायची, रोलर फिरवायचा आणि मग फक्कीनं रेषा आखायच्या. कोरड्या मातीवर मुलगी पडली की गुडघ्याचं सालटं निघतं आणि पुढचा सामना ती लंगडत खेळते. मी त्या कॉलेजात खेळाची शिक्षिका होते, त्यामुळं पाणी, रोलर, फक्की आणि मुलींचे गुडघे ही सगळी माझीच कामं होती.

वर्ष दुष्काळाचं होतं. नळाला पाणी येणं कधीच बंद झालं होतं. आमचं कॉलेज ज्या संस्थेचं, तिचे अध्यक्ष सहकारी साखर कारखान्याचेही अध्यक्ष होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. भागात ऊसच नव्हता, त्यामुळं कारखाना त्या हंगामात बंद राहणार हे पक्कं होतं. पण कारखान्याची निवडणूक तोंडावर होती आणि माणसं गोळा होतील असं काहीतरी करायला हवं होतं. म्हणून आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा आमच्याकडं घेतली, मुलांची आणि मुलींची, तीन दिवसांची. टँकर कारखान्याचा, मंडप कारखान्याचा आणि बँडही साहेबांनीच सांगितलेला.

मी दोन मैदानं आखायचं ठरवलं होतं. मुलांचं पुढं, रस्त्याच्या बाजूला. मुलींचं मागं, ग्रंथालयाच्या भिंतीआड, तिकडं बघ्यांना उभं राहायला जागा नव्हती. टँकर सात वाजता आला आणि त्याच्या मागोमाग घागरी, हंडे, तेलाचे रिकामे डबे घेऊन वस्तीतल्या बायका आल्या. मातीला पाणी पाजता आन आमी काय पदर चोखायचा का, असं त्यातल्या एकीनं मला विचारलं. मी त्यांना भरू दिलं. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. नाही म्हटलं असतं तर त्यांनी तोटी मोडून नेली असती. उरलेल्या पाण्यात एकच मैदान भिजलं, पुढचं. मुलींचे सामने मुलांच्या सामन्यांमध्ये घुसवावे लागले, त्याच मैदानावर, त्याच गर्दीसमोर. वेळापत्रक मीच बदललं आणि मीच फळ्यावर लिहिलं.

माझ्या संघात चढाईला भरवशाची एकच मुलगी होती. दुसऱ्या वर्षाला, तेलगावच्या पुढच्या एका वस्तीवरची. आईवडील ऊसतोडीला जाणारे, ती वसतिगृहात राहायची. पाय लांब होते आणि दम अफाट. तीस सेकंदांची चढाई ती शेवटच्या सेकंदापर्यंत एका आवाजात नेई. अंतिम सामना बघायला विद्यापीठाचा संघ निवडणारे येणार होते. त्या संघात नाव लागलं तर पोलीस भरतीत खेळाडू म्हणून तिचा अर्ज वेगळा धरला गेला असता. तिला वर्दी मिळवून द्यायची हे मी मनाशी धरलं होतं, कारण दुसरा रस्ता काय होता ते मला माहीत होतं.

आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाला जोडी लागते, अर्धा कोयता तो गाडीत घेत नाही. म्हणून पोरगी जाणती झाली की कुठल्यातरी अर्ध्याला तिची जोडी लावून देतात आणि दसरा-दिवाळी उरकली की दोघं मिळून बाहेरच्या कारखान्याला जातात. हिच्या वडिलांनी हिला त्यातून आतापर्यंत सोडवलं होतं. त्यांची एकच अट होती, आणि ती त्यांनी पहिल्याच वर्षी माझ्यासमोर ऑफिसात उभं राहून सांगितली होती. पोरीचा चारचौघांत बोभाटा झाला नाही पाहिजे. झाला की त्या दिवशी कॉलेज बंद.

सामन्यांत ओरडणं आम्हाला नवीन नव्हतं. परळीकडचा संघ उतरला की आमची पोरं त्यांना औष्णिक केंद्राची राख खायला सांगत. अंबाजोगाईकडच्या संघाला, दवाखाना जवळच आहे तर सुई कुठं टोचून घ्यायची, ते सांगत. बाहेरचे आमच्या पोरांना टँकरवाले म्हणत आणि टँकरच्या नळीवरून आयाबहिणींपर्यंत पोचत. दोन्हीकडून सारखाच उद्धार व्हायचा आणि सामना संपला की तीच पोरं एका हातगाडीवर भजी खायची. मी ते इतकी वर्षं ऐकत आले होते, की ऐकू येणंच थांबलं होतं.

त्या दिवशी दुपारी माझ्या मुली उतरल्या आणि ऐकू यायला लागलं. सुरुवात बाहेरच्यांनी केली नाही, आमच्याच वसतिगृहातल्या पोरांनी केली. माझी ती चढाईवाली मुलगी निघाली की त्यांचं सुरू व्हायचं, "अर्धा कोयता, अर्धा कोयता, जोडी कोण लावतो?" याच्या पुढची ओळ मी लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, ती एकदा वाचली की डोक्यातून जात नाही म्हणून. ही पोरं कुठून आली म्हणावं तर तीही तोडणीवाल्यांचीच होती. त्यांच्या आयांनी कोयता धरला होता.

तो सामना आम्ही जिंकला. मी प्राचार्यांकडं गेले. ते मंडपात पहिल्या रांगेत साहेबांच्या शेजारची खुर्ची राखून बसले होते. मुलींच्या सामन्यांपुरती पोरं हटवा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, पोरं हटवली तर मैदान रिकामं दिसंल, आणि साहेब येणार ते रिकामं मैदान बघायला का? वय आहे त्यांचं, तुम्ही मुलींना सांगा कानाडोळा करायला. मी मुलींना तसं काही सांगितलं नाही. दुसरं काय करता येईल याचा विचार करत घरी गेले आणि मला बँड सुचला.

बँड लग्नाचा होता. त्या वर्षी लग्नंच पुढं ढकलली होती, म्हणून तो स्पर्धेला मिळाला. बँडमास्तर साठीचा, लाल कोटाच्या कोपरांना ठिगळं, हातात क्लॅरनेट. पाहुणे आले की वाजवायचं आणि बक्षिसं देताना वाजवायचं, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्याआधी मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, माझ्या चढाईवाल्या मुलीनं रेषा ओलांडली की जोरात वाजवायचं, पोरांचं ओरडणं ऐकू आलं नाही पाहिजे.

"मॅडम, आमाला वरातीचंच येतं," तो म्हणाला.

"तेच वाजवा."

"वाजवतो. पर वरातीत पोरं नाचतेत, त्यांच्यासाठी चाल सोडावी लागती मधी."

मला त्यातलं काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. सामन्याची वेळ झाली होती.

ती चढाईला गेली. ढोल-ताशा उठला, क्लॅरनेट उठलं आणि खरंच, पोरांचा आवाज बुडाला. मला बरं वाटलं, चारएक सेकंद. मग बँड थांबला. चालीच्या मध्ये एक जागा होती, चार ठोक्यांची. वरातीत त्या जागेवर पोरं हात वर करून ओरडतात, बँडवाले ओठ पुसतात आणि पुन्हा उचलतात. बँडमास्तर सवयीनं थांबला. पोरांनी ती जागा ओळखली, कारण प्रत्येक पोरगा पाच-पन्नास वरातींत नाचलेला होता. सगळ्यांनी एकदम ओरडून ती भरली. आदल्या दिवशी वीस-पंचवीस जणांचा विस्कळीत आवाज होता. आता त्याला ठेका मिळाला आणि रस्त्यावर उभे असलेले, मंडपातले, भजीवालासुद्धा त्यात आले.

दुसरी चूक त्याहून मोठी होती आणि ती मला कळायला हवी होती, कारण ती माझ्या विषयातली होती. चढाई करणाऱ्यानं 'कबड्डी' एका दमात आणि पंचाला ऐकू येईल असं म्हणायचं असतं. तिसऱ्या चढाईला पंच वाकून, कानामागं हात धरून तिच्या बाजूनं चालत होते. बँड वरच्या पट्टीत गेला आणि त्यांनी शिट्टी मारली. दम तुटला, बाद. ती मध्यरेषेवर उभी राहून अजून कबड्डी कबड्डी म्हणत होती. मला तिचे ओठ दिसत होते.

मी धावत जाऊन बँड बंद करायला लावला. त्यानं काही फरक पडला नाही. पोरं आता टाळ्यांवर तोच ठेका धरून होती. पकडीनं ती पुन्हा जिवंत झाली तेव्हा मी तिच्या जागी दुसरीला उतरवलं. ती उरलेला वेळ बाहेर बसली आणि पकडीवर आम्ही तो सामना दोन गुणांनी काढला. अंतिम फेरीत पोचलो. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, ती पडली नाही.

तिचे वडील मंडपाच्या कडेला बांबूला टेकून उभे होते. ते येणार हे मला माहीत नव्हतं. चारा छावणीवर जनावरांपाशी बायकोला बसवून ते सकाळच्या एसटीनं आले होते, लेकीचा खेळ एकदा बघावा म्हणून. मी त्यांच्याकडं गेले, काय बोलायचं ते ठरवत. त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"मी बी टाळ्या वाजवत हुतो, बाई," ते म्हणाले.

ते बांबू सोडून सरळ उभे राहिले.

"वरातीची चाल हुती. समदे वाजवत हुते, मी बी वाजवल्या. मागून कळलं कुनाला म्हणतेत ते."

ते ओरडले नाहीत, मला दोष दिला नाही. मीच सांगितलं की बँड मी लावला होता, ओरडणं दाबायला. त्यांनी मान हलवली, जसं एखाद्यानं आपल्याला न विचारता हवा-पाणी सांगावं तसं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की छावणीवर आपल्या गावची आणखी तिघंजण आहेत, त्यांची पोरंही इथंच ओरडत होती, त्यामुळं संध्याकाळपर्यंत वस्तीवर कळेल. एक स्थळ उन्हाळ्यापासून मागं लागलं होतं, त्याला ते नाही म्हणत आले होते. आता नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. मी विद्यापीठाचं सांगितलं, भरतीचं सांगितलं, उद्या फक्त एक सामना, फक्त सकाळ, असं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मी जितकं जास्त बोलत गेले तितका माझा आवाज मलाच मंडपातल्या लाऊडस्पीकरसारखा वाटायला लागला.

"तुमी चांगलंच केलं असंल," शेवटी ते म्हणाले. "पर पोरगी न्यावी लागंल."

ती वसतिगृहातून पिशवी घेऊन आली. रडली नव्हती. संघाचा टी-शर्ट तिनं घडी करून माझ्या हातात दिला. मी तो परत तिच्या पिशवीत कोंबला, कॉलेजचं सामान असूनही. फाटकापाशी वडील पुढं गेले तेव्हा ती मागं वळून आली.

"मॅडम, माझा दम तुटला न्हवता."

"मला माहितीय," मी म्हटलं.

"पंचाला सांगा."

सांगते म्हटलं. पाच वाजता त्या दोघांची एसटी गेली. मी पंचांकडं गेले. ते चहा पीत होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुटला नसंलही मॅडम, पण मला ऐकू आलं नाही, आणि निकाल ऐकण्यावर असतो. शिवाय तुम्ही जिंकलात की. त्यांचं बरोबर होतं. कागदावर त्या मुलीच्या नावापुढं ती चढाई दम तुटल्याचीच राहिली.

दिवाळीनंतर ती जोडीनं बाहेरच्या कारखान्याला गेली, हे मला पुढं कळलं. त्यानंतर दोन-तीन वर्षं तिच्याबद्दल काही ना काही कानावर यायचं, मग तेही थांबलं. मी तिच्या वस्तीवर कधी गेले नाही. जाऊन सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बाकीच्या अकरा जणींना जमवलं आणि कोण कुठल्या जागेवर खेळेल ते ठरवलं. चढाईला दोघी निवडल्या, दोघींनाही दम नव्हता, पण उभं राहायची तयारी होती. त्यांच्याकडून अंधार पडेपर्यंत सराव करून घेतला. बँडमास्तरला सांगून टाकलं, उद्या वाजवू नका. त्यानं विचारलं, माझं काय चुकलं का, मॅडम? नाही, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी वसतिगृहाच्या फाटकाशी पोचले, तर तिथं तीन बाप आणि एक भाऊ आधीच उभे होते. बातमी वस्त्यांवर माझ्या आधी पोचली होती. एकानं लेकीला न्यायला आजारी आजीचं कारण काढलं, बाकीच्यांनी कारण काढलं नाही. सात वाजता गावातल्या दोघींच्या घरून निरोप आला की त्या येणार नाहीत. उरल्या पाच. मैदानात सात लागतात. मी ऑफिस उघडून घेतलं, आमचा मुलींचा संघ अंतिम सामन्याला उतरणार नाही असं पत्र दोन प्रतींत लिहिलं, एक प्रत पंचांना दिली आणि दुसरीवर मिळाल्याची सही घेतली. मग त्या पाच जणींना घेऊन रोजच्यासारखी धावायला गेले, मैदानावर नाही, मागच्या रस्त्यानं.