उखाण्याचं कुलूप

माझ्या वडिलांनी मला फोनवर सांगितलं की तू माझा मुलगा नाहीस, आणि त्यात चूक माझीच होती.

टाकव्याच्या पुढे आंदर मावळात आमच्या भाड्याने द्यायच्या तीन खोल्या आहेत. सगळं बुकिंग मोबाइलवरच्या एका खात्यातून चालतं. माझी बायको रंजना पाहुण्यांचा स्वयंपाक बघते, आबा (म्हणजे माझे वडील) त्यांना गाई दाखवतात आणि मी घाबरतो.

घाबरायला कारण होतं. लोणावळ्यात बंगला भाड्याने देणाऱ्या माझ्या एका ओळखीच्याला मेव्हण्याचा फोन आला. आवाज मेव्हण्याचा, खोकला मेव्हण्याचा, फक्त मेव्हणा नव्हता! आवाज कॉम्प्युटरने बनवला होता. त्याने मोबाइलवर आलेला कोड विचारला, याने भाबडेपणाने सांगितला आणि खातं चोरांच्या हाती गेलं. फसलेले पाहुणे याच्या दारात येऊन भांडले. शेवटी त्याला धंदा बंद करावा लागला.  आमचं घरही तशाच एका खात्यावर चालतं.

मी अनोळखी नंबरवर 'हॅलो' म्हणणं सोडलं. कोणी आवाज चोरला तर? पाहुण्यांना पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. दोघांनी घाबरून बुकिंग रद्द केलं.

"आसं मुकं ऱ्हाऊन धंदा व्हतो व्हय?" आबा म्हणाले. "कायतरी खूण ठेव."

मग ठरलं. कोड आबांच्या मोबाइलवर येणार आणि जो कोड मागेल त्याने आधी माझ्या लग्नातला उखाणा घ्यायचा. लग्नाची कॅसेट केव्हाच खराब झालेली, त्यामुळे यंत्राला तो कळणार कुठून? मी स्वतःवर फार खूश होतो.

आठवड्याभरात माझा फोन भाताच्या खाचरात पडला. लोणावळ्याला जाऊन नवा घेतला, पण खातं उघडायला कोड हवा. मी दुकानदाराच्या फोनवरून घरी फोन लावला.

"आबा, मी दत्ता. कोड आलाय, तो सांगा."

"समदे दत्ताच बोलत्यात. उखाना घे."

दुकानात पंधरा-वीस माणसं होती. मी हळूच सुरुवात केली, "इंद्रायणीच्या भाताला वास येतो गोड..."

पुढचं आठवेना. 

"फुडं?"

"आबा, अहो मीच आहे."

"तू माजा पोरगा न्हाईस," असं म्हणून आबांनी फोन ठेवला.

पुन्हा लावला, पुन्हा 'गोड'पाशी अडकलो. तिसऱ्यांदा मात्र जीव खाऊन ओरडलो, "रंजनाच्या हातच्या भाकरीला नाही कशाची तोड!" दुकानात टाळ्या पडल्या. तरी आबांचा विश्वास बसेना. शेवटी मागून रंजनाचा आवाज आला, "आबा, हेच हायेत. लग्नातबी तितंच अडकले होते. मामींनी कानात सांगितलं तवा पुरा झाला."

कोड मिळाला. मी सुटलो, असं मला वाटलं. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीतरी सगळं मोबाइलवर टिपलं होतं. माझा ओरडतानाचा व्हिडिओ दोन दिवसांत अख्ख्या मावळाने बघितला. म्हणजे माझा आवाज आणि माझी गुप्त खूण, दोन्ही मी स्वतःच चोरांना घरपोच दिली होती.

आणि फोन आलाच. आबा ओसरीवर जेवत होते आणि मी मागच्या दाराने नुकताच येऊन आत जेवायला बसलोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आबांनी स्पीकर लावला आणि मोबाइलमधून मीच बोललो, "आबा, मी दत्ता. कोड सांगा." हुबेहूब मी! तोंडात घास, ओरडता येईना, म्हणून मी तसाच उठून ओसरीच्या दारापर्यंत धावलो. 

"उखाना घे," आबा म्हणाले.

त्याने घेतला. भात, वास, भाकरी, सगळं एका दमात, ठसक्यात. आता आबा कोड सांगणार आणि घर बुडणार, म्हणून मी दारातच डोळे मिटून घेतले.

"लय ब्येस घेतलास," आबा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी फोन कापला.

"आबा, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

आबांनी भाकरी मोडली. "आमच्या दत्त्याला जलमात कवा आसं जमलंय का?"

तेव्हापासून आमचा धंदा अगदी सुरक्षित आहे. फक्त रंजनाने मला तो उखाणा पाठ करायची सक्त मनाई केली आहे.